सकाळी सहाचं अपडेट: डेटाडॉगचे सर्व्हर एका तासात का तुटले

८ मार्च २०२३, बुधवार. आपल्याकडे धुळवड आदल्या दिवशीच झाली होती. पुण्या-मुंबईतल्या ऑफिसांत साडेअकराचा चहा चालू होता. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा एक वाजला होता, पॅरिसमध्ये सकाळचे सात. सर्व्हरची घड्याळं मात्र बहुतेक ठिकाणी यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेवर, लावलेली असतात, आणि त्या घड्याळात तेव्हा सकाळचे बरोबर सहा वाजले होते. त्या मिनिटाला डेटाडॉग या कंपनीच्या लिनक्स यंत्रांवर एक सुरक्षा अपडेट आपोआप बसायला लागलं. पुढच्या तासाभरात त्यांच्या कुबरनेटीसच्या, म्हणजे अनेक यंत्रांवर मिळून सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, निम्म्याहून जास्त नोडचं (त्यातल्या एकेका यंत्राचं) नेटवर्क तुटलं. हजारोंच्या, खरं तर दशसहस्रांच्या हिशेबातली यंत्रं.

डेटाडॉगचा धंदाच दुसऱ्यांच्या सर्व्हरवर नजर ठेवण्याचा. कुठे मेमरी भरली, कुठे विनंत्या अडकल्या, कुठे चुका वाढल्या हे ग्राहकाला सांगायचं आणि गरज पडली तर रात्री उठवायचं. त्या दिवशी जगभरातल्या त्यांच्या ग्राहकांच्या टीमना आपल्या सर्व्हरचं काय चाललंय हे दिसेनासं झालं.

कंपनीने नंतर या घटनेचा सविस्तर वृत्तांत जाहीर केला, कुठेही सारवासारव न करता. मी तो अनेकदा वाचला आहे. कारण आमच्या क्षेत्रात स्वयंचलित अपडेटचा विषय निघाला की कोणीतरी हे उदाहरण काढतंच: "बघा, डेटाडॉगचं काय झालं, म्हणून आम्ही ते बंद ठेवतो." मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो, आणि लहान संस्थांच्या बाबतीत तर धोक्याचा. घटना नीट उलगडली तर बोट अपडेटकडे जात नाही, ते वेगळ्याच जागी थांबतं. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो.

पहिला तास

पहिलं अपडेट सुटल्यावर तीन मिनिटांत त्यांच्या अंतर्गत देखरेखीने इशारा दिला. स्वतःचीच सेवा कोसळली तर आपल्याला कळणार कसं, याचा विचार त्यांनी आधी केलेला होता. मुख्य यंत्रणेच्या पूर्ण बाहेर चालणारी वेगळी देखरेख त्यांनी ठेवली होती, म्हणून ते आंधळे झाले नाहीत. तपास सुरू झाल्यावर अठरा मिनिटांत त्यांनी आतल्या आत गंभीर घटना जाहीर केली आणि ६:३१ ला ग्राहकांना सांगितलं.

कोडं असं होतं की सगळीकडे एकदम बिघडलं होतं. डेटाडॉगची यंत्रं अमेरिकेत आणि युरोपात, अमेझॉन, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट अशा तिन्ही क्लाउडवर, वेगवेगळ्या रीजनमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या विभागांत, विखुरलेली. एका ठिकाणची आग दुसरीकडे पोचू नये म्हणून रीजन एकमेकांशी थेट जोडलेलेही नव्हते. नवा कोड बाहेर पाठवतानाही एकेका रीजनमध्ये टप्प्याटप्प्याने पाठवायची पद्धत. अमेझॉनचं एखादं केंद्र पडलं असतं तर गुगलवरची यंत्रं उभी राहिली असती. सगळी तटबंदी याच कल्पनेवर उभी होती. आणि तरीही पाच रीजनमधल्या सेवा एकाच तासात आडव्या झाल्या.

मग या सगळ्या यंत्रांत समान काय होतं? ऑपरेटिंग सिस्टम आणि तिचं घड्याळ.

सहा ते सात

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग आपल्या यंत्रावर उघडून बघावा, कारण तो तुमच्याकडेही जसाच्या तसा असण्याची शक्यता फार मोठी आहे.

स्वयंचलित अपडेटचं काम 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' नावाचं पॅकेज करतं. ते केव्हा चालवायचं हे सिस्टम-डीचे (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेचे) दोन टायमर ठरवतात. पहिला 'एपीटी-डेली'. हा पॅकेजांच्या ताज्या याद्या उतरवून घेतो. याची वेळ सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, पण त्यात बारा तासांपर्यंतचा अनियमित उशीर मिसळलेला असतो, म्हणजे प्रत्यक्षात दिवसात केव्हाही. दुसरा 'एपीटी-डेली-अपग्रेड'. प्रत्यक्ष बसवण्याचं काम याचं. याची वेळ सकाळी सहा, आणि उशीर जास्तीत जास्त साठ मिनिटं.

म्हणजे यादी उतरवणं दिवसभर विखुरलेलं आहे आणि बसवणं मात्र एका तासाच्या खिडकीत कोंबलेलं आहे. घड्याळ यूटीसीवर असेल तर जगात कुठेही, कोणत्याही कंपनीच्या क्लाउडवर, ती खिडकी एकच: सहा ते सात. भारतीय वेळेनुसार साडेअकरा ते साडेबारा. आपल्याकडच्या कितीतरी संस्थांचे क्लाउड सर्व्हर तसेच यूटीसीवर पडून असतात आणि भर कामाच्या वेळी त्यांच्या सेवा एकदा हिसका खाऊन पुन्हा सुरू होतात. काउंटरवर रांग उभी असते, स्क्रीन दोन मिनिटं अडकते, आणि "नेट स्लो आहे" असं म्हणून लोक विसरून जातात.

आणखी एक गोष्ट यात भर घालते. उबुंटू साधी अपडेट्स टप्प्याटप्प्याने सोडतं. आधी थोड्या यंत्रांना, तक्रार आली नाही तर आणखी थोड्यांना. सुरक्षा अपडेट्सना हा टप्पा नसतो, कारण भोक जाहीर झालं की हल्लेखोरही त्याच दिवशी कामाला लागतात. ती सगळ्यांना एकदमच मिळतात. धोरण योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की टप्पे पाडायचे असतील तर ते आपले आपण पाडायला हवेत.

डेटाडॉगकडे तशी स्वतःची टप्प्यांची पद्धत होती. पण त्यांच्या मूळ इमेजमध्ये, म्हणजे ज्या साच्यावरून नवी यंत्रं उभी होतात त्यात, उबुंटूचा हा जुना स्वयंचलित मार्गही चालूच राहिला होता. पुढचं दार कुलूपबंद आणि मागचं नुसतं लोटलेलं, अशी स्थिती.

रीस्टार्ट

अपडेट सिस्टम-डीचं होतं. त्यातल्या दुरुस्तीत काही खोट नव्हती, हे ठळकपणे सांगायला हवं. त्या पॅकेजच्या जागी जुनंच पॅकेज पुन्हा बसवलं असतं तरी हेच घडलं असतं. कारण पॅकेज बसवून झाल्यावर चालणारी स्क्रिप्ट सिस्टम-डीच्या काही सेवा रीस्टार्ट करते, आणि त्यात 'नेटवर्क-डी'ही येते. यंत्राचं नेटवर्क सांभाळणारी सेवा ती.

डेटाडॉगच्या यंत्रांवर कंटेनर, म्हणजे वेगवेगळ्या डब्यांत बंद करून चालवलेले प्रोग्रॅम, एकमेकांशी बोलतात ते 'सिलियम' नावाच्या नेटवर्क प्लगइनमधून. कोणत्या कंटेनरची पाकिटं कोणत्या वाटेने जावीत याचे राउटिंगचे नियम सिलियम लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, लिहून ठेवतं. नेटवर्क-डीला या नियमांची काही कल्पना नसते.

आता सोसायटीचं उदाहरण घ्या. नवे सेक्रेटरी पदभार घेतात आणि पहिल्याच फेरीत रजिस्टरमध्ये नसलेल्या सगळ्या नावाच्या पाट्या काढून टाकतात. भाडेकरू त्यानंतर राहायला येऊन पाट्या लावणार असतील तर कोणाला काही त्रास नाही. पण भाडेकरू आधीच राहत असताना सेक्रेटरींनी पुन्हा पदभार घेतला, तर सगळ्या पाट्या जातात आणि पोस्टमन दारात उभा राहतो.

नेटवर्क-डी नेमकं हेच करायला लागलं होतं. सिस्टम-डीच्या २४८ व्या आवृत्तीपासून ते सुरू होताना आपण न लिहिलेले राउटिंगचे नियम पुसून टाकतं. तसं करू नकोस असं सांगण्याची सेटिंग २४९ मध्ये आली, पण ती सांगितल्याशिवाय लागू होत नाही. उबुंटू २०.०४ वर सिस्टम-डी २४५ होतं, तिथे ही खोड नव्हती. २२.०४ वर २४९ आलं. डेटाडॉगची बहुतेक यंत्रं तोवर २२.०४ वर गेली होती.

ही गोष्ट चाचण्यांत का सापडली नाही? कारण नवं यंत्र सुरू होताना नेटवर्क-डी आधी उठतं आणि सिलियम नंतर येऊन नियम लिहितं. पुसायला काही नसतंच. यंत्र रीबूट केलं तरी क्रम तोच. म्हणजे नवं कोरं यंत्र ठीक, रीबूट केलेलं यंत्रही ठीक, आणि फक्त चालू यंत्रावर, मध्येच, नेटवर्क-डी एकटं रीस्टार्ट झालं तरच बिघाड. आपण सगळेजण चाचणी कशी करतो ते आठवा. नवं यंत्र उभं करतो, अपडेट लावतो, रीबूट करतो, सगळं हिरवं दिसलं की पुढे जातो. या चाचणीतून हा दोष शंभर वेळा गेला तरी शंभर वेळा पास झाला असता.

मला या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच वाटते. अपडेट म्हणजे फायली बदलणं एवढंच आपण समजतो. सर्व्हरवर घाव बसतो तो बहुतेकदा त्यानंतरच्या रीस्टार्टचा. डेटाबेसचं छोटं अपडेट आलं की डेटाबेस रीस्टार्ट होतो आणि त्याला धरून बसलेल्या ॲप्लिकेशनची सगळी कनेक्शन तुटतात. ॲप्लिकेशनला पुन्हा जोडून घेता येत असेल तर कोणाला कळतही नाही. येत नसेल तर दोष अपडेटच्या नावावर जातो.

दोन दिवस

यंत्रं पुन्हा उभी करण्याचं काम प्रत्येक क्लाउडवर सारखं गेलं नाही. जिथे बिघडलेली यंत्रं होती तशीच पडून राहिली, तिथे ती रीबूट केली की क्रम सुधारायचा, नियम परत यायचे, आणि डिस्कवरचा डेटाही जागेवर सापडायचा. पण जिथे 'आजारी यंत्र काढून नवं द्या' ही आपोआप बरं करणारी सोय चालू होती, तिथे तिने प्रामाणिकपणे आपलं काम केलं: यंत्रं टाकून दिली, नवी आणली. टाकलेल्या यंत्रांबरोबर त्यांच्या स्थानिक डिस्कही गेल्या. हजारो नवी यंत्रं एकदम मागितली की क्लाउडच्या आणि स्वतःच्या मर्यादाही आडव्या येतात. त्यात कुबरनेटीसचं नियंत्रण करणारे भागच तुटलेले, म्हणून आधी ते उभे करायचे, मग त्यांच्या आधाराने बाकीचं.

४५० ते ७५० माणसं, चार पाळ्या. पहिल्या सेवा ठीक झाल्याचं ८ तारखेला १६:४४ ला जाहीर झालं, म्हणजे आपल्या रात्री सव्वादहाच्या सुमारास. सगळ्या सेवा ९ मार्चला ८:५८ ला आल्या. मधल्या काळातला राहून गेलेला डेटा भरून प्रकरण पूर्ण मिटलं १० मार्चला ६:२५ वाजता, सुरुवात झाल्यापासून दोन दिवस आणि वर पंचवीस मिनिटांनी. त्या तिमाहीत सुमारे ५० लाख डॉलरच्या महसुलाला फटका बसला.

त्या धांदलीत त्यांनी एक क्रम ठरवला होता, तो मला पटतो. आत्ताचा डेटा आणि आत्ताचे इशारे आधी, कालचा डेटा नंतर. ग्राहकाला आपला सर्व्हर आत्ता जिवंत आहे का हे आधी कळायला हवं असतं.

त्यांनी काय बदललं

दोन बदल तातडीने झाले. एक, सगळ्या यंत्रांवरचा तो जुना स्वयंचलित मार्ग बंद केला. दोन, रीस्टार्ट झालं तरी दुसऱ्यांच्या राउटिंगला हात लावायचा नाही असं नेटवर्क-डीला सांगितलं.

"त्यांनी स्वयंचलित अपडेट बंद केलं" एवढंच वाक्य लोक उचलतात. पुढचं सोडून देतात: सुरक्षा अपडेट्स टप्प्याटप्प्याने लावणारी दुसरी पद्धत त्यांच्याकडे आधीपासून चालू होती, म्हणून हा मार्ग त्यांना फालतूच होता. तालुक्याच्या ठिकाणच्या पतसंस्थेत, शाळेत किंवा दहा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत ती दुसरी पद्धत कुठे असते? तिथे सर्व्हर बसवणारा माणूस वर्षातून दोनदा येतो. तिथे स्वयंचलित अपडेट बंद करणं म्हणजे अपडेटच बंद करणं. १ जुलै २०२४ ला ओपन-एसएसएचमधलं, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी वापरतात त्या प्रोग्रॅममधलं, मोठं भोक जाहीर झालं; त्याचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. उबुंटू २२.०४ त्यात सापडलं होतं. त्या आठवड्यात ज्यांचं अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू होतं त्यांना काहीही करावं लागलं नाही.

आपल्या सर्व्हरवर

माझ्याकडे असलेल्या सर्व्हरवर मी या प्रकरणानंतर जी मांडणी केली ती सांगतो. एक चाचणीचं यंत्र आणि बाकीची कामाची, इतकं असलं तरी ती चालते.

आधी घड्याळ. टायमर यंत्राच्या स्थानिक वेळेवर चालतात, म्हणून टाइमझोन कोणता आहे ते बघा आणि मगच वेळ ठरवा.

मग दोन टायमर वेगळे असण्याचा फायदा घ्यायचा. बसवण्याचा टायमर नव्या याद्या उतरवत नाही, यंत्रावर आधीच असलेल्या यादीप्रमाणे बसवतो. म्हणून मी सगळ्या यंत्रांवर याद्या पहाटे तीनला उतरवतो. चाचणीचं यंत्र चार वाजता बसवतं. कामाची यंत्रं त्याच पहाटेच्या यादीवरून रात्री अकराला बसवतात. मध्ये एकोणीस तास मिळतात. दुपारी एखादं नवं अपडेट आलं तरी कामाच्या यंत्रांना त्याचा पत्ता नसतो, ते उद्याच्या पहाटे चाचणीच्या यंत्राकडेच आधी जातं. दिवसा कोणी हाताने 'एपीटी अपडेट' चालवलं तर मात्र यादी ताजी होते आणि हे गणित त्या दिवसापुरतं मोडतं. सोबत काम करणाऱ्यांना हे सांगून ठेवावं लागतं.

टायमर बदलताना एक जागा नेमकी चुकते. 'सिस्टमसीटीएल एडिट' करून टायमरची नवी वेळ लिहिली की जुनी आपोआप जात नाही. 'ऑनकॅलेंडर' ही ओळ यादीसारखी वागते, नवी वेळ जुन्यात मिळवली जाते. आपण रात्री अकरा लिहितो, आणि सकाळचे सहाही तसेच राहतात. आधी 'ऑनकॅलेंडर' लिहून बरोबरच्या चिन्हापुढे काहीही न लिहिता ओळ सोडायची, त्याने जुन्या वेळा पुसल्या जातात, आणि खालच्या ओळीत आपली वेळ द्यायची. अनियमित उशीरही स्वतंत्रपणे कमी करायचा, नाहीतर याद्यांच्या टायमरचा बारा तासांचा उशीर तसाच राहतो आणि पहाटे तीनचे दुपारचे तीन होतात. शेवटी 'लिस्ट-टायमर्स' चालवून पुढची वेळ डोळ्यांनी बघायची. मी हे न बघता कधीही उठत नाही.

ईटीसीमधल्या एपीटीच्या फोल्डरात '५०अनअटेंडेड-अपग्रेड्स' ही फाइल असते. तिच्यात कोणत्या उगमाची पॅकेजं आपोआप बसवायची ते लिहिलेलं असतं. मुळात तिथे मुख्यतः उबुंटूचा स्वतःचा सुरक्षा भाग असतो, आणि मी त्यापलीकडे जात नाही. पण याची दुसरी बाजू लक्षात ठेवा: पोस्टग्रेस हा डेटाबेस किंवा नोड.जेएस बाहेरच्या भांडारातून घेतलं असेल तर ते या यादीत येत नाही आणि कधीच आपोआप अपडेट होत नाही. सर्व्हर रोज अपडेट होतोय या समाधानात ते पॅकेज वर्षभर जुनंच राहू शकतं.

त्याच फाइलमध्ये वगळायच्या पॅकेजांची यादी देता येते. तिथे नाव लिहिताना शेवटी डॉलरचं चिन्ह द्यावं, कारण ती नावं नमुने म्हणून वाचली जातात आणि नुसतं 'सिस्टम-डी' लिहिलं तर त्या नावाने सुरू होणारं सगळंच वगळलं जातं. सिस्टम-डी या यादीत टाकून निश्चिंत होऊ नये असं मला ठामपणे वाटतं. ते पॅकेज केव्हातरी बदलावंच लागणार, आणि जितकं उशिरा तितके बदल एकदम अंगावर येणार. आपोआप रीबूट मुळात बंद असतो. तो मी बंदच ठेवतो, पण 'व्हार-रन' खाली 'रीबूट-रिक्वायर्ड' फाइल आली आहे का हे दर सोमवारी बघतो. कर्नलची दुरुस्ती रीबूट होईपर्यंत नुसती डिस्कवर पडून असते.

आणि डॉकर किंवा कुबरनेटीस असलेल्या यंत्रांवर नेटवर्क-डी चालू असेल, तर त्याच्या फाइलमध्ये परक्या मार्गांना आणि परक्या राउटिंग नियमांना हात लावू नकोस अशा दोन ओळी, 'मॅनेज-फॉरेन-राउट्स' आणि 'मॅनेज-फॉरेन-राउटिंग-पॉलिसी-रूल्स', दोन्हींपुढे 'नो'.

त्यानंतरची चाचणी पाच मिनिटांची आहे. चाचणीचं यंत्र नवं उभं करायचं नाही, रीबूटही करायचं नाही. निदान दोन दिवस चालू असलेलं, कंटेनर आत काम करत असलेलं यंत्र घ्यायचं. 'आयपी रूल' आणि 'आयपी राउट' चालवून जे दिसेल ते एका फाइलमध्ये ठेवायचं. नेटवर्क-डी रीस्टार्ट करायचं. पुन्हा तेच दोन आदेश, दुसऱ्या फाइलमध्ये. मग दोन्ही फायली 'डिफ'ने शेजारी लावायच्या. एकही ओळ कमी झालेली दिसली तर रात्री अकराचा टायमर त्या दिवसापुरता थांबवायचा आणि ती ओळ कोणी लिहिली होती ते शोधायला बसायचं.